वलवण

वलवण : महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले एक जुने गाव व त्यालगतचा कृत्रिम जलाशय. हे गाव आता लोणावळे नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. लोणावळे व खंडाळे ही जोड गिरिस्थाने, वलवण, लोणावळे व शिरवटे हे तीन तलाव आणि पूर्वेस सु. १० किमी.वर असलेली कार्ल्याची लेणी व एकवीरा देवीचे स्थान, असा हा सलग परिसर असून त्याचा इतिहास एकत्रच पाहावा लागतो. मुंबईच्या आग्नेयीस सु. ९६ किमी. व पुण्याच्या वायव्येस सु. ६४ किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सु. ६२५ मी. उंचीवर तो वसला आहे. लोणावळे नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या ५७,६९८ (२०११).

भूरचना ध्यानी घेतल्याखेरीज येथील इतिहासाचा उलगडा होत नाही. पश्चिमेकडे सह्याद्रीचा कडा अवघ्या काही किलोमीटरांत सु. ५०० मी. खाली उतरून खोपोलीच्या सपाटीस मिळतो. पूर्वेकडे मात्र जमीन मंद उताराने देशाकडे पसरत जाते. नैर्ऋत्य मोसमी वारे या कड्यावर आदळत असल्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तळेगावकडे जाताना हे प्रमाण झपाट्याने घटते. लोणावळ्याजवळील कुरवंडे गावाच्या डोंगरात इंद्रायणी नदी उगम पावते. अरबी समुद्राच्या बाजूचा कडा उगमापासून इतका जवळ असूनही तिचा प्रवाह त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वळतो, मावळातील भातखाचरांमधून देहू व आळंदी या वारकऱ्यांच्या क्षेत्रांपाशी जातो आणि तुळापूर येथे भीमेस मिळतो. भीमा कृष्णेस व कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. पाण्याच्या या नैसर्गिक दिशेत १९११ ते १९१६ या काळात मनुष्याने बदल केला. वलवणचा तलाव ही त्या बदलाची खूण होय.

मावळ हे प्रदेशनाम फार जुने आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन लेखात ‘मामालाहार’ या प्रशासकीय विभागाचा उल्लेख येतो व त्याचाच अपभ्रंश मावळ असे अभ्यासक मानतात. त्याच लेण्यांत तेथील भिक्षुसंघाच्या निवासस्थानास ‘वलूरक’ म्हटले आहे. या प्राचीन नावाशी वलवण या ग्रामनामाचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तथापि ध्वनिसाम्याखेरीज त्यास आधार नाही. लोणावळे हे नाव ‘लोण’ म्हणजे लेणे व ‘आवली’ म्हणजे ओळ यांवरून आले, अशी व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते. परिसरातील कार्ले, भाजे, बेडसे व कोंडाणे या लेण्यांची संख्या पाहता ती सुसंगत वाटते.

सोपारा, कल्याण या बंदरांतून बोरघाटमार्गे देशावर येणारा व्यापारी मार्ग या परिसरातून जात असे. लेणी या मार्गाच्या दुतर्फा आढळतात, हे योगायोगाने घडलेले नाही. उपलब्ध लेण्यांत भाजे येथील चैत्यगृह सर्वांत जुन्यांपैकी असून ते इ. स. पू. दुसऱ्या शतकातील आहे. तेथील विहारातील रथारूढ सूर्य व गजारूढ इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे विशेष प्रसिद्ध आहेत. लेण्यांच्या ओळीच्या एका टोकास दिवंगत थेरांचे चौदा स्तूप दाटीवाटीने कोरलेले आहेत. बेडसे येथील चैत्यगृहाच्या दर्शनी स्तंभांवर प्राणी व त्यांवर आरूढ स्त्रीपुरुष दाखविले आहेत. या सर्वांहून कार्ल्याचे चैत्यगृह मोठे. सु. ३८ मी. लांब, १४ मी. रुंद व तितकेच उंच असलेले हे दालन भारतातील कोरीव चैत्यगृहांत आकाराने सर्वांत मोठे व बहुतेकांच्या मते रचनेतही सर्वोत्कृष्ट ठरते. आतील ३७ स्तंभांपैकी दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा स्तंभ कलशाकार तळखडे व युगुलशिल्पांनी मंडित शीर्षे असलेले आहेत, तर स्तूपामागील सात साधे आहेत. छताच्या लाकडी कमानी व स्तूपावरील लाकडी छत्र मूळचेच असून दोन हजार वर्षांच्या पावसाळी दमट हवेत ते टिकून राहिले, ही गोष्ट नवलाची म्हटली पाहिजे.

या लेण्यांचा खर्च कोणी केला, हे तेथील कोरीव लेखच सांगतात. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी येथील भूतपाल या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले व ते जंबुद्वीपात उत्तम होय, असे त्याचा लेख अभिमानाने नमूद करतो. दर्शनी सिंहस्तंभ अग्निमित्रणक या महारठीचे दान आहे. धेनुकाकट या नगरातील अनेक दात्यांनी स्तंभ दिले. त्यांतील काही स्वतःस यवन म्हणवितात. सोपाऱ्याचा एक भाणक म्हणजे धर्मग्रंथांचे पठण करणारा भिक्षू, सातिमित, याने दिलेल्या स्तंभात धातू म्हणजे अवशेष ठेवण्यासाठी खोबणी केलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथे वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहाकरिता करजिक गाव दिले आणि नहपानाचा पराभव झाल्यानंतर सातवाहनांनी तेच दान नव्या आज्ञेने पुन्हा दिले. राज्य बदलले तरी भिक्षूंच्या पावसाळ्याची सोय मोडली नाही. या दोन लेखांवरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की, येथील तीर्थाचा प्रारंभच पावसाशी निगडित आहे. प्रवास अशक्य होणाऱ्या चार महिन्यांत एका जागी थांबण्याचा नियम भिक्षूंना या डोंगरात घेऊन आला.

बौद्ध संघाची वस्ती येथून केव्हा उठली, हे लेखांवरून ठरविता येत नाही. परंतु स्थानाचे पावित्र्य लोपले नाही. चैत्यगृहाच्या प्रवेशद्वारासमोर, जेथे दुसरा सिंहस्तंभ असावा असे मानले जाते, तेथेच एकवीरा देवीचे मंदिर उभे आहे. कोळी व आगरी समाजांची, तसेच चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंमधील व इतर अनेक घराण्यांची ही कुलदेवता होय. तिला रेणुकेचे रूप मानतात. देवीच्या शेजारी जोगेश्वरीची मूर्ती आहे. वनवासात असताना पांडवांनी एका रात्रीत हे मंदिर बांधले, अशी आख्यायिका सांगतात. चैत्र शुद्ध षष्ठीस जवळच्या देवघर गावी देवीचा भाऊ मानल्या जाणाऱ्या काळभैरवाची यात्रा भरते. सप्तमीस कार्ले गडावर देवीची पालखी निघते व अष्टमीस तेलवणाचा विधी होतो. मुंबई, ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांतील किनाऱ्यावरचे लाखो भाविक चैत्रात व नवरात्रात येथे येतात. अनेक गावांच्या पालख्या पायी घाट चढून येतात. समुद्रावर उपजीविका करणाऱ्या समाजांची कुलदेवता घाटमाथ्यावर असावी, ही बाब लक्षणीय आहे. प्राचीन काळी सोपारा व कल्याण येथील दाते ज्या वाटेने वर आले, जवळपास तीच वाट किनाऱ्यावरचे भाविक आजही चालतात.

लेणी केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असून मंदिरात मात्र नित्य पूजा चालते. परिणामतः एका अरुंद अंगणात दोन भिन्न हक्कांचा व दोन भिन्न शिस्तींचा संसार एकत्र चालला आहे. दर्शनाच्या रांगा चैत्यगृहाच्या दर्शनी भागालगतच लागतात. यात्राकाळात पायऱ्यांवर व अंगणात होणारी दाटी स्मारकास आणि भाविकांनाही सोयीची नाही, हे दोन्ही पक्ष जाणतात. तरीसुद्धा मंदिर हलविण्याचा विचार भाविकांना मानवणारा नाही आणि लेण्याभोवती नवे बांधकाम करणे कायद्यात बसत नाही. बौद्ध उपासकही येथे वंदनेसाठी येतात. अशा ठिकाणी कोणत्याही एका पक्षाचा इतिहास खरा व दुसऱ्याचा उपरा ठरविणे अन्यायाचे होईल.

मध्ययुगात या प्रदेशाचे महत्त्व घाटाच्या पहाऱ्यामुळे टिकले. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना व कोरीगड हे किल्ले बोरघाट व त्याच्या शेजारच्या वाटांवर नजर ठेवून आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ च्या सुमारास लोहगड घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला व १६७० मध्ये परत मिळविण्यात आला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगडाचा अंतर्भाव आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघालेले इंग्रजी सैन्य बोरघाट चढून याच वाटेने आले. त्यातील कॅप्टन स्ट्यूअर्ट हा अधिकारी जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मारला गेला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनी त्यास ‘इष्टूर फाकडा’ असे नाव दिले होते आणि वडगाव येथे त्याचे स्मारक आहे. पुढे तळेगावापर्यंत गेलेल्या या सैन्यास माघार घ्यावी लागली व महादजी शिंद्यांच्या पुढाकाराने वडगावचा तह झाला. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रोथरने विसापूर व लोहगड घेतले आणि मावळातील मराठ्यांची सत्ता संपली.

इंग्रजी अंमलात प्रथम वाट व नंतर रेल्वे आली. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत, १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये हाती घेतले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेला हा सु. २५ किमी. लांबीचा चढ सु. ५५८ मी. उंची गाठतो, त्यासाठी २५ बोगदे व आठ मोठे पूल बांधावे लागले. सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा होता. एका ठिकाणी डोंगराची सोंड इतकी अडचणीची होती की, गाडी उलट दिशेने फिरवून पुढे नेण्यासाठी उलट स्थानक उभारण्यात आले. नव्या आखणीमुळे ते १९२९ मध्ये बंद पडले. १८६१ च्या आरंभी या कामावर सु. ४२,००० मजूर होते. पटकी, हिवताप, सुरुंगाचे अपघात व दरडी यांत हजारो मजूर दगावले. मजुरीच्या थकबाकीवरून जानेवारी १८५९ मध्ये घाटात मजुरांचा मोठा उद्रेकही झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा त्याच वर्षी भारतात येताच थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने काम पुढे चालविले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते मार्ग खुला झाला. समारंभात अभियंते व कंत्राटदार यांचा गौरव झाला. मजुरांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत. या बाबतीत दोन हजार वर्षांपूर्वीचे कार्ल्याचे दाते अधिक काटेकोर होते. घाईच्या बांधकामाचा एक परिणाम म्हणजे घाटातील एक मोठा पूल १८६७ मध्ये कोसळला.

लोणावळे हे गिरिस्थान लॉर्ड एल्फिन्स्टनने १८७१ मध्ये शोधून काढले, असे विधान मार्गदर्शक पुस्तिकांतून वारंवार आढळते. ते ग्राह्य नाही. मुंबईचे गव्हर्नर झालेल्या दोन एल्फिन्स्टनांपैकी मौंटस्ट्यूअर्ट हा १८५९ मध्ये व लॉर्ड जॉन हा १८६० मध्ये मरण पावला होता. शिवाय ज्या गावावरून चाळीस वर्षे गाडीरस्ता व आठ वर्षे रेल्वे जात होती, ते कोणी ‘शोधण्या’चा प्रश्नच उद्भवत नाही. वस्तुस्थिती अशी की, लोणावळे हे रेल्वेने वाढविलेले गाव आहे. इंजिनांची शेड, कर्मचाऱ्यांची वसाहत, शाळा, चर्च हे सर्व त्या अनुषंगाने आले. वाफेच्या इंजिनांस पाणी लागे, म्हणून भुशी येथे रेल्वेसाठी बांध घालण्यात आला. १८७७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. मुंबईच्या धनिकांचे बंगले त्यानंतर उभे राहिले. मजुरांसाठी केलेल्या गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीपासून लोणावळ्याची प्रसिद्ध चिक्की तयार झाली, असे परंपरा सांगते. १९२९ मध्ये घाटात विजेची इंजिने धावू लागली व १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली.

यापुढील इतिहास पाण्याचा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या कापडगिरण्या दुरून आणलेल्या कोळशावर चालत. कोळसा महाग पडे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडले होते. सह्याद्रीच्या पावसापासून वीज निर्माण करण्याची कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या अभियंत्याने जमशेटजी टाटा यांच्यापुढे मांडली. जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले. त्यांच्या पुत्रांनी १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन केली. तिचे भांडवल मुख्यतः भारतातच उभे राहिले आणि त्यात संस्थानिकांचा वाटा मोठा होता. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने लोणावळे येथे धरणाची कोनशिला बसविली व बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याच्या हस्ते खोपोली येथील वीजगृह सुरू झाले. वलवणचे धरण १९१६ मध्ये पूर्णत्वास गेले. दगडी बांधणीच्या या धरणाची उंची सु. २६ मी. व लांबी सु. १,३५६ मी. असून त्याची साठवणक्षमता सु. ७ कोटी २५ लक्ष घमी. आहे.

योजनेची रचना साधी, पण कल्पक आहे. लोणावळे, वलवण व शिरवटे या तीन तलावांत पावसाळी पाणी अडविले जाते. शिरवट्याचे पाणी बोगद्याने वलवणमध्ये येते. तेथून ते पाटाने खंडाळ्याच्या कड्यावरील संतुलन-तलावात नेतात आणि पोलादी नळांतून ५०० मी.हून अधिक खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडतात. पाण्याचा साठा मर्यादित असला, तरी प्रपाताची उंची मोठी असल्याने थोड्या पाण्यावर पुष्कळ वीज मिळते. टर्बाइन फिरवून झालेले पाणी पाताळगंगेत जाते व अरबी समुद्रास मिळते. वीज उच्च दाबाच्या तारांनी सु. ७० किमी.वरील परळ येथे नेण्यात आली. अशा रीतीने देहू–आळंदीकडे जाऊ पाहणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा घाट उतरून कोकणात जाऊ लागला व त्याच्या शक्तीवर गिरणगावातील मागांना गती मिळाली. त्या मागांवर राबणाऱ्यांत घाटावरून, मावळ-साताऱ्याकडून गेलेली माणसे पुष्कळ होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. तीन मूळ कंपन्यांचे २००० मध्ये टाटा पॉवर कंपनीत विलीनीकरण झाले. खोपोली वीजगृहाची क्षमता आता ७२ मेगॅवॉट आहे.

या तलावांखाली दऱ्यांतील भातजमिनी गेल्या. लोणावळे-वलवणच्या वेळी त्याची फारशी वाच्यता झाली नाही; भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या हाती होता आणि शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. आंद्रा नदीवरील ठोकळवाडी धरणाच्या आधाराने भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. याच सुमारास मुळा-निळा संगमावरील मुळशीच्या धरणाने मात्र मावळ पेटले. पन्नासाहून अधिक गावे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते होत. बापट यांस ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यात मिळाली. धरणासाठी जमीन घेण्याविरुद्ध संघटितपणे झालेला हा जगातील आरंभीच्या लढ्यांपैकी एक होय. पुण्यातील सावकार व मुंबईचे भांडवलदार यांच्या हितसंबंधांपुढे तो १९२४ पर्यंत मोडला. धरण पूर्ण झाले व १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह चालू झाले. वलवणच्या शांत तलावाकडे पाहताना मुळशीचा हा इतिहास विसरता येत नाही, कारण दोन्ही धरणांमागील विचार व लाभार्थी एकच होते.

तीर्थक्षेत्रालगत विजेसाठी तलाव बांधण्याचा असाच प्रकार यूरोपातही घडला आहे. स्वित्झर्लंडमधील आइन्झीडेल्न येथे दहाव्या शतकापासून बेनेडिक्टाइन मठ असून तेथील कृष्णवर्ण मेरीच्या मूर्तीच्या दर्शनास आल्प्स प्रदेशातील यात्रेकरू येतात. त्या गावाशेजारचा झील तलाव नैसर्गिक वाटत असला, तरी तो १९३७ मध्ये प्रामुख्याने स्विस रेल्वेस वीज पुरविण्यासाठी निर्माण करण्यात आला व त्याखाली अनेक कुटुंबांच्या शेतजमिनी गेल्या. तेथील यात्रेकरूंना आज हा तलाव तीर्थाच्या देखाव्याचा जुना भाग वाटतो. कार्ल्यास जाणाऱ्या भाविकांची वलवणविषयी हीच समजूत असते.

वलवणच्या पाण्यावरील हक्काचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने (बच्छावत लवाद) १९७६ च्या अंतिम निवाड्यात टाटांच्या जलविद्युत् योजनांसाठी भीमेच्या वरच्या खोऱ्यातून एका वर्षात ५४.५ अब्ज घफू. व सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घफू. पाणी पश्चिमेस वळविण्याची मर्यादा घालून दिली. म्हणजे वळवणूक मान्य झाली, पण तिला सीमा मिळाली. एकविसाव्या शतकातील दुष्काळी वर्षांत हे पाणी पूर्वेस सोडावे, अशी मागणी भीमा खोऱ्यातील, विशेषतः सोलापूर जिल्ह्यातील, शेतकऱ्यांकडून वेळोवेळी होत आली. तिला मुंबईची वीज, खोपोलीखालील पाताळगंगेवर अवलंबून असलेले पाणीपुरवठे व उद्योग यांची बाजू आडवी येते. दोन्ही बाजूंस तहान आहे आणि त्यामुळेच निर्णय अवघड आहे. पाण्यावरून मावळात रक्तही सांडले आहे : पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे नेण्यात येणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकरी मृत्युमुखी पडले.

इंद्रायणीच्या काठची शेती मात्र टिकून आहे. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने विकसित केलेला व १९८७ मध्ये प्रसारित झालेला ‘इंद्रायणी’ हा सुवासिक भात आता राज्यभर घेतला जातो आणि मावळची खरी ओळख अनेकांच्या लेखी तोच आहे. वलवण येथे टाटा कंपनीचे मत्स्यबीज केंद्र असून तेथे १९७० च्या दशकापासून महसीर (खडस) माशाची कृत्रिम पैदास करण्यात येते व बीज देशातील अनेक राज्यांत पाठविले जाते. ज्या नदीच्या देहू येथील डोहातील मासे वारकरी पवित्र मानतात व पकडीत नाहीत, त्याच नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगास माशांच्या एका दुर्मिळ होत चाललेल्या जातीस हा आसरा मिळाला. धरणाची भिंत व तिच्या पायथ्याची बाग कंपनीच्या ताब्यात असून तेथील प्रवेशावर निर्बंध आहेत.

वलवण-लोणावळ्याच्या परिसरातील संस्थांत कैवल्यधाम ही योगसंस्था अग्रगण्य आहे. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये ती स्थापन केली आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा पायंडा पाडला. योग-मीमांसा  हे तिचे नियतकालिक त्याच वर्षी निघाले. भारतीय नौदलाचे अभियांत्रिकी शिक्षण देणारे ‘आय. एन. एस. शिवाजी’ हे केंद्र १९४५ पासून येथे आहे. समुद्राकाठच्या लोकांची कुलदेवता जशी डोंगरावर, तसे नौदलाचे हे विद्यालयही. नागफणी, राजमाची पॉइंट, तुंगार्ली व भुशी ही पर्यटकांची नेहमीची ठिकाणे होत.

यशवंतराव चव्हाण मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यापासून पर्यटकांचा ओघ अनेक पटींनी वाढला. वलवण येथेच या महामार्गाची वाट लोणावळ्यात उतरत असल्याने शनिवार-रविवारी गावाचा मुख्य रस्ता तासन्‌तास अडून राहतो. टेकड्यांच्या उतारांवर बंगले व विश्रामगृहे झाली आणि ओढ्यांच्या जुन्या वाटा अरुंद होत गेल्या. पावसाळी पर्यटनातील दुर्घटनाही वाढल्या. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या बाजूस एका धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. इंद्रायणीवर खालच्या अंगास कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने १५ जून २०२५ रोजी कोसळला व त्यात चौघांचा मृत्यू झाला. रेल्वेपूर्व काळात या भागात पावसाळ्यात वाटसरू येत नसत व भिक्षू लेण्यांत थांबून राहत. आता सर्वाधिक गर्दी पावसाळ्यातच होते.

लोणावळे हे मध्य रेल्वेच्या मुंबई–पुणे मार्गावरील सर्व गाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे स्थानक असून पुण्याहून तेथपर्यंत उपनगरी गाड्या आहेत. कार्ले व भाजे येथे जाण्यास मळवली हे जवळचे स्थानक होय. मार्गाच्या उत्तरेस कार्ले व दक्षिणेस भाजे, लोहगड व विसापूर आहेत. कार्ल्यास डोंगराच्या पायथ्यापर्यंत वाहन जाते व पुढे पायऱ्या चढाव्या लागतात. लेण्यांतील स्तंभशीर्षे व सज्ज्याखालील शिल्पे पाहण्यास सकाळची वेळ चांगली. चैत्र व नवरात्रातील यात्रेचे दिवस मात्र देवीच्या दर्शनासाठीच राखावेत. वलवणचा तलाव पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरतो. त्या वेळी सांडव्यावरून इंद्रायणीत पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो.